पिवळं

पुष्करने यादी करून दिली होती,
वहीच्या पाठकोऱ्या पानावर.
पहिल्याच ओळीत ग्राफिक्स कार्ड, अठ्ठावीस हजार,
त्याखाली दोन रेघा.
बेरीज लिहायला जागा उरली नव्हती.

लॅमिंग्टन रोडला मुर्तझाभाईंनी ती चष्म्यावरून वाचली.
"गेम खेळणार?"
म्हटलं, नाही. लग्नं. बारशी. पासपोर्ट.
आणि गेलेल्यांचे, मोठे करून.
पेन्सिलीचं टोक जिभेला लावत ते बराच वेळ उभे,
मग त्यांनी पहिली ओळच खोडली.
"रॅम बत्तीस. सोळा-सोळाच्या दोन पट्ट्या,
जोडीनं नीट चालतात त्या.
प्रोसेसर मधला. पॉवर सप्लायला कंजुषी नको,
भांडुपला तुमच्या लाइट नाचते.
उरले ते सगळे स्क्रीनला."

सगळे?

"ताई, आत काय बसवलंय ते कोण बघतं?
तुम्ही जे बघणार, ते ह्या काचेतून."

हार्ड डिस्क मात्र मी दोन घेतल्या.
त्यासाठी कुणाचा सल्ला लागत नव्हता:
दोन हजार सोळाच्या मे महिन्यातली अकरा लग्नं
अजून माझ्या कपाटात आहेत, एका डब्यात,
हलवला की खुळखुळतात.

रात्री स्टुडिओचं शटर अर्धं ओढून जोडणी.
आधी लोखंडी स्टुलाला हात, अंगातली वीज जाऊ द्यायची.
दर दोन मिनिटांनी पुष्कर: मावशी, स्टूल.
प्रोसेसरचा त्रिकोण सॉकेटच्या त्रिकोणावर,
दाबायचा नाही, आपणहून बसतो.
बारशाला बाळ पाळण्यात ठेवणारे हात मी शेकड्यांनी टिपलेत,
माझे तसे धरले.
पेस्ट वाटाण्याएवढी, तो म्हणाला.
ओला वाटाणा की सुका?
त्याला फरक माहीत नव्हता.
एक स्क्रू उरला. कुठला, ते अजून कळलेलं नाही.

स्क्रीनला रंग शिकवायचं यंत्र भाड्यानं आणलं होतं, एका दिवसापुरतं.
उंदरासारखं काचेला चिकटून ते लाल, हिरवा, निळा हुंगत राहिलं.
झालं म्हणाल्यावर
मी एक जुनी फाइल उघडली, हाताला आली ती.

नवरी पिवळी. म्हटलं, हळद असेल.
पण भटजी पिवळे. बँडवाले पिवळे.
पंगतीतला भात पिवळा,
मसालेभात नव्हे, साधा.

जुना स्क्रीन निळा मारायचा, नऊ वर्षं,
आणि नऊ वर्षं मी त्यावर पिवळं ओतत बसले.
लॅबवाल्याशी भांडले, कागदाला नावं ठेवली,
अख्ख्या टेंबीपाड्याला कावीळ करून ठेवली.

घाडीगावकर काकू तेव्हाच म्हणाल्या होत्या,
यजमानांचा फोटो हातात धरून:
यांचा रंग असा नव्हता गं.
मी त्यांना माझ्या खुर्चीत बसवलं होतं.
हे बघा, स्क्रीनवर. बरोबर आहे.
काकू गप्प झाल्या. पैसे मोजून दिले, सुट्टे.

तो फोटो पुन्हा केला.
सावळे होते ते, तांब्याकडे झुकणारे,
कानाच्या पाळीशी किंचित लाल.
नवी फ्रेम करून घेऊन गेले.

काकूंनी दोघांना खिडकीपाशी नेलं,
एका हातात एक, दुसऱ्या हातात एक.
"हे हेच," म्हणाल्या.
मग नवा कपाटात ठेवला, साड्यांच्या घडीखाली,
आणि जुना परत खिळ्याला अडकवून
वाकडा झाला होता तो सरळ केला.
"नातवंडं याच्या पाया पडत मोठी झाली.
त्यांचे आजोबा हेच.
माझे राहू देत आत."

मग चहा टाकला.
चहाला जरा वेगळाच रंग आला होता,
की खिडकीतला उजेडच तसा होता.
मी काही बोलले नाही.