आईसाठी एक उंच जागा

आई नोकरीतून सुटली त्या मार्चमध्ये
झ्बिशेक यादी घेऊन आला.
थोरला ना, याद्या त्याच्याकडे.
शिकागो एकदा नीट बघायचं, वरून, तिघांनी,
एवढं ठरलं होतं. कुठून, यावर भांडण.

त्याचं म्हणणं, तो काळा टॉवर.
तिथे भिंतीतून काचेचा डबा बाहेर काढलाय,
पायाखाली काच, काचेखाली नुसती हवा,
आणि तिकिटांच्या पैशांत
आमचं आठवड्याचं वाणसामान.
मी म्हटलं, सरोवरातली बोट.
"बोट उंच असते का, दानुता?"
तेही खरंच.
मग हॉटेलची गच्ची. मग पार्किंगचा नववा मजला,
फुकट, पण वास.

आई बीट सोलत होती. बोटं लाल.
"वरून पाहिलंय मी," म्हणाली,
"बावीस वर्षं. एकसष्टाव्या मजल्यावरून."
मग कसं दिसतं?
"आत दिवे, बाहेर काळोख.
काचेत मीच दिसते. मी आणि बादली.
शहर बघायचं तर दिवा मालवावा लागतो,
आणि दिवा मालवला की मुकादमीण ओरडते."

आम्ही दोघं गप्प. सालं पडत राहिली.

आई तात्रा पर्वताच्या पायथ्याची.
तिच्या गावात खिडकी उघडली की समोर कडा,
रवंथ करत बसलेल्या गाईसारखा,
हलायचं नाव नाही.
तिथून ती आली या तव्यासारख्या शहरात,
जिथे चढ म्हणजे हायवेचा पूल
आणि डोंगर लोखंडाचे, आत लिफ्ट.
"डोंगरावर बसून तो डोंगर दिसत नाही," ती म्हणाली,
"समोरच्या टेकडीवर जावं लागतं.
मला माझी इमारत बघायचीय.
आणि बसायला बाक हवा."

समोरची टेकडी! शिकागोत!
झ्बिशेक तीन दिवस नकाशे चिवडत बसला.
चौथ्या दिवशी ओशाळून म्हणाला,
आहे एक. शहराबाहेर.
पण ती कचऱ्याची आहे.
जुना उकिरडा. वर माती टाकली, गवत लावलं,
बर्फ पडला की पोरं घसरायला येतात.

रविवारी गेलो.
गवतातून पाइप डोकावत होते,
आतल्या वायूला वाट म्हणून.
"हा चढ?" आई म्हणाली, "आमच्याकडे याला ओटा म्हणतात."
पण दर वीस पावलांवर थांबत होती.

वर वारा. आणि बाक.
बसण्याआधी तिने रुमालाने तो पुसला,
फळ्या, कडा, आमच्या वाट्याची जागासुद्धा.
लांब, करड्या मैदानाच्या टोकाला
सगळे टॉवर एकदम उभे,
धुऊन निथळत ठेवलेल्या बाटल्यांसारखे.
दुरून डोंगर साजरे, ते यांनाही लागू असावं.

झ्बिशेक एकेकाचं नाव सांगू लागला.
ती ऐकत नव्हती. टाचेने माती दाबून बघत होती.
"कुठल्या साली बंद झाला हा उकिरडा?"
खाली पाटीवर होतं. तिने बोटांवर हिशेब केला.
"म्हणजे माझी पहिली अकरा वर्षं इथेच असतील.
रोज रात्री चौदा पिशव्या, मीच उतरवायचे खाली.
कागद, सफरचंदांची देठं,
कुणाकुणाचे फाडलेले फोटो."
मग बाकावर हात ठेवला, जरा मालकिणीसारखा,
"बरा झालाय की डोंगर."

एक डोळा मिटून तिने अंगठा पुढे धरला.
तिची इमारत नखाएवढी.
नखामागे गेली, आली, पुन्हा गेली.
"एवढीशीच?" ती हसली,
"ही तर एका फडक्यात झाली असती."

अंधारून आलं, तिकडे दिवे लागू लागले.
झ्बिशेक म्हणाला, निघू या, गारठलोय.
ती उठेना.
"थांब ना. आत्ता कुणीतरी
साठाव्यावरून एकसष्टाव्यावर येईल."
आम्हाला मजलेही वेगळे दिसत नव्हते.
तरी थांबलो.
डब्यातलं बीट थंडच खाल्लं,
चमचे घरी विसरले होते,
बोटं लाल झाली तिघांची.