घरात माणसं किती

कारीलाहतीच्या दुकानात, दुपारचे तीन, बाहेर अंधार पडून गेलेला,
कोवळ्या मिशांचा सामुली विचारतो,
"घरात माणसं किती?"
"दोन," मी म्हणते, "पण एका वेळी एकच."
म्हणते, आणि जीभ चावते.
हे आता खरं नाही,
ऑक्टोबरपासून.

एकतीस वर्षं ओइवा कागदाच्या गिरणीत, रात्रपाळीला.
मी शाळेच्या स्वयंपाकघरात, पहाटे साडेपाचची बस.
तो सहाला दारात.
संध्याकाळी तो उठायचा
तेव्हा मी ग्रंथालयाच्या फरश्या पुसायला गेलेली.
मध्ये एक काचेचं भांडं,
खाली तापलेली तबकडी, तिचा लाल दिवा.
अर्धी कॉफी मी प्यायची, अर्धी त्याला ठेवायची.
संसार संसार म्हणतात तो आम्ही असा केला.
भांडण झालं असलं की मी दोन बोटं कमी ठेवायचे.
त्याला कळायचं.
दुसऱ्या दिवशी भांडं घासून पालथं घातलेलं असायचं,
म्हणजे चूक कबूल.

सामुली दाखवत जातो.
हे थर्मासवालं, चार तास गरम.
हे घड्याळवालं, रात्री भरून ठेवा, सकाळी वासानेच जाग येईल.
हे एका कपाचं, "एकट्या माणसांना फार आवडतं,"
आणि कानापर्यंत लाल होतो.
हे तांब्याच्या रंगाचं, आमच्या महिन्याच्या भाड्याएवढं.
पाणी किती अंशांवर पडतं,
पावडर नीट भिजते की मधेच खड्डा पडतो,
सगळं तोंडपाठ.
त्याच्या मागे काउंटरवर
शीतपेयाचा अर्धा प्यालेला डबा.
कॉफी न पिणारा फिन! पण असो, पोरगा गोड आहे.

ओइवा यंत्रांकडे बघतच नाही.
तो गाळणीच्या कागदांपाशी.
एक पाकीट फोडलंय, न विचारता,
एक कागद दिव्यासमोर धरलाय,
मग अंगठा आणि तर्जनीत चोळतोय
लेकराच्या कानाची पाळी चोळावी तसा.
"हा आमच्याकडे पास झाला नसता," म्हणतो.
"धागा आखूड आहे.
ओला झाला की बुडाशी फाटेल, रायली, बघ तू."
गिरणीला कुलूप लागल्यापासून
एका दमात एवढं तो पहिल्यांदाच बोलला.
मी बघते म्हणाले.

"आणि ही तबकडी?"
"चाळीस मिनिटांनी आपोआप बंद," सामुली म्हणतो,
"सगळ्यांचीच. नियम आहे."
आमच्या जुन्या तबकडीला असले नियम ठाऊक नव्हते.
तो येईस्तोवर ती तापत राहायची,
तळाची कॉफी डांबरासारखी.
तशीच आवडते, म्हणायचा.
आवडायची का, हे मी कधी
समोर बसून विचारलं नाही.
समोर बसायचं कधी?

"थर्मासवालं घेऊ या का?" मी त्याला विचारते.
तो बराच वेळ बघत राहतो, यंत्राकडे नाही.
"कशाला?" म्हणतो. "ठेवायची कुणासाठी?"
फोडलेल्या पाकिटाचे पैसेही त्यानेच दिले,
सुटे मोजून.

घरी आल्यावर पाण्यावरून अडलं.
दोघांचेही हात नळाशी, दोघांनाही वाटलं
हे काम आपलं.
मी सरकले. मग तोही सरकला.
नळ तेवढा वाहत राहिला.

वेलदोड्याचा पाव कापला. कॉफी उतरली,
पातळ, लालसर, जळका वास नसलेली,
पाहुण्याच्या घरची असावी तशी.
मी सवयीने अर्धी पिऊन उठले,
खुंटीवरचा कोट काढला.
"बस," ओइवा म्हणाला.
मी घड्याळ बघितलं.
"बस म्हणतोय, रायली. अजून तीस मिनिटं आहेत तिची."

नंतर त्याने झाकण उघडून
गाळणीचा कागद बाहेर काढला,
ओला, गाळाने जड,
हातावर घेऊन बुडाकडून निरखला.
फाटला नव्हता.
काही बोलला नाही,
कितीतरी वेळ धरून उभा राहिला,
आणि मनगटावरून कॉफीचा एक ओघळ
बाहीत शिरत होता.