बावीस मिलिमीटर

आमच्या गावात जाड भिंतीला कुणी नावं ठेवत नाही.
समुद्र पलीकडे, आणि आम्ही त्याच्याहून खाली झोपतो;
बांध जितका जाड तितकी झोप गाढ.
म्हणून लेउवार्डनच्या दवाखान्यात
पडद्यावर बोट ठेवून डॉक्टर म्हणाली,
"ही भिंत बघा, बावीस मिलिमीटर,"
तेव्हा डौवे चक्क हसला,
कुणी पाठ थोपटल्यासारखा.

मग तिनं सांगितलं.
जाडी आतल्या बाजूला वाढलीय.
खोली लहान झाली, भिंत ताठ,
रक्त आत घ्यायलाच कुरकुरते.
आजवर वरची खोली शेवटचा एक रेटा देऊन
उरलंसुरलं खाली ढकलायची.
आता तीच नुसती थरथरतेय.
डौवे म्हणाला, "थरथरणं म्हणजे काम नव्हे."
एकतीस वर्षं पंपघर सांभाळलेला माणूस.
बिछान्यातून कान देऊन सांगायचा,
तिसऱ्या पंपात शेवाळ अडकलंय,
आणि खरंच अडकलेलं असायचं.
स्वतःचं मात्र त्याला ऐकू आलं नाही.
मला आलं. रात्री छातीवर डोकं ठेवलं तर
पत्र्याच्या ताटात वाटाणे सांडत होते,
दोन, मग पाच, मग काहीच नाही,
मग मूठभर एकदम.

काळजाचं पाणी होतं म्हणतात.
आमच्या मुलखात सगळ्याचंच होतं,
उपसत राहायचं, एवढंच.

"घरात कुणी अचानक गेलं होतं?"
वीबे. धाकटा भाऊ. चोवीस वर्षांचा.
कालव्याच्या बर्फावर सर्वांच्या पुढे होता,
आणि पुढेच राहिला.
थंडी बाधली, असं गाव चाळीस वर्षं म्हणत आलं.
आईनं त्याचे स्केट्स पुसून खुंटीला लावले,
दर हिवाळ्यात तेल देत राहिली.
आता रक्ताच्या तपासणीत एक ओळ आली,
दोन अक्षरं, चार आकडे.
डौवेनं ती तीनदा वाचली
आणि कागद घडी करून चष्म्याच्या डबीत ठेवला.

आधी रक्त पातळ करायची गोळी.
गुण मोजून ठरवायचं नाही म्हणे,
अशा हृदयाला थरथर लागली की गोळी लागतेच,
गुठळी वाट बघत बसत नाही.
तीन आठवडे. मग एका गुरुवारी
छातीवरचे केस काढले, पट्ट्या चिकटवल्या,
झोपवलं, झटका दिला.
पहिला वाया गेला.
मी बाहेर यंत्रातली कॉफी धरून बसले होते, बेचव.
दुसऱ्याला लागली लय.
पट्टीच्या जागी इस्त्री टेकल्यासारखा लाल चौकोन,
त्यावर हात फिरवत तो म्हणाला,
"जुन्या मोटारीला लाथ घालतात, तसंच की."
डॉक्टर हसली नाही. म्हणाली, टिकेलच असं नाही.
परत बिघडलं तर आत तार घालून डागू,
तेही एकदा पुरेल याची खात्री नाही.

आता एक गोळी अशी आहे की ऊन चालत नाही.
इथे ऊन पडलं की लोक खुर्च्या घेऊन अंगणात धावतात,
आणि डौवे मे महिन्यात
लांब बाह्यांचा सदरा, माझी बागेतली टोपी घालून
घेवड्याला आधार बांधतो.
शेजारची फॉक्ये कुंपणावरून विचारते,
"मधमाश्या पाळल्यास का रे?"

नीन्के आमची. एकतीस पूर्ण.
तिनं तपासणी करून घेतली, आम्हाला नंतर सांगितलं.
तीच दोन अक्षरं, तेच चार आकडे.
भिंत अजून अकरा.
फोनवर रडली नाही. म्हणाली,
"बाबांना दे."
तो ऐकत राहिला बराच वेळ, मग एवढंच बोलला,
"दरवर्षी मोजून घे.
आम्ही बांधसुद्धा दरवर्षी मोजतो."

त्या रात्री त्यानं आईच्या खुंटीवरचे स्केट्स काढले
आणि कुठे ठेवले ते मला सांगितलं नाही.

नर्सनं शिकवलंय: मनगटावर दोन बोटं, पूर्ण एक मिनिट.
मी रोज मोजते, वहीत लिहिते.
अकरा आठवडे झाले.
परवा त्यानं माझंच मनगट धरलं,
डोळे मिटले, पंपघरात मिटायचा तसे.
"मध्येच एक गाळतेस तू."
"वय झालं," म्हटलं.
"असेल," म्हणाला, पण बोटं काढली नाहीत,
आणि बाहेर तिसरा पंप सुरू झाला
तरी त्याचा कान तिकडे गेला नाही.