अकरा किलोबाइट

वार्डोच्या धक्क्यावर, मासे सुकवायच्या जुन्या गोदामात
आमचं ऑफिस. डिसेंबरात इथे सूर्य उगवतच नाही.
दुपारी अकराला खिडकी जराशी निळी होते
आणि तेवढ्यात टूरिड कॉफी उरकून घेते.

बोयाच्या पोटात जागा चार मेगाबाइट.
आमचा कर्नल त्याहून अकरा किलोबाइट जाड.
अकरा म्हणजे किती? लांबलेल्या एका पत्राइतके.
पण मेमरीच्या चिपला सांगता येत नाही, बाई, जरा सरकून घे.

"कोण कुणाला हाक मारतं ते बघू," टूरिड म्हणाली.
म्हणजे असं, की वेशीपासून निघायचं,
पहिलं फंक्शन ज्याला हाक मारेल त्याच्या दारी जायचं,
तिथून पुढच्याच्या, तिथून त्याच्याही पुढच्याच्या,
आणि सगळं गाव हिंडून झालं की
ज्या कडीला कुणाचाच हात लागला नाही
ती घरं नकाशावरून पुसायची.
लिंकरला यात सुतक नसतं. सात सेकंद लागतात.

गेले ते कोण कोण:
फ्लॉपीची खरखर ऐकणारा एक म्हातारा,
माउस हलला की बाण हलवणारे तिघे
(बॅरेंट्स समुद्रात, वादळात, माउस!),
ज्याचा कारखानाही आता उरला नाही
अशा एका प्रिंटरचा दुभाष्या,
आणि एक बीप.
बीपचं मला थोडं वाईट वाटलं.

एकशे नव्वद किलोबाइट उतरले.
टूरिडनं टेबलावर दोनदा टिचक्या मारल्या
आणि बोर्डाला वीज दिली.

काही नाही.

एरवी कर्नल मरताना पानभर बडबडतो.
हा मुकाच गेला.

दोन दिवस आम्ही काळ्या पडद्याकडे बघत होतो.
तिसऱ्या दिवशी टूरिडनं आस्लाकला फोन लावला.
निवृत्त माणूस. तीन गल्ल्या पलीकडे राहतो.
दोन वर्षांत त्याला कुणी फोन केला नव्हता.
तो आधी कॉडबद्दल बोलला, मग गुडघ्याबद्दल,
मग म्हणाला, "माझा तक्ता फेकलात ना?
त्याला नावानं कुणीच बोलावत नाही.
घड्याळाचा ठोका पडला, वीज डळमळली,
की प्रोसेसर सरळ पत्त्यावर येऊन धडकतो.
तुमच्या लिंकरला कसं कळणार?
तो घरातल्या घरातल्याच हाका मोजतो."

टूरिडनं एका ओळीत चार अक्षरांचा शब्द घातला.
मी मनात त्याचं मराठी केलं: राख.
माझ्या भाषेत राख म्हणजे सांभाळ,
आणि जळून गेल्यावर उरते तीही राखच.
हे तिला समजावून सांगायला गेलो
तर म्हणाली, "मग तुमच्याकडे बिल्ड होतं तरी कसं?"

बोर्ड बोलला. एक ओळ, मग दुसरी, मग थांबेचना.

जानेवारीत एका मच्छीमार बोटीवरून बोया गेला.
फेब्रुवारीतल्या एका रात्री त्याची बॅटरी गारठून लटपटली.
लॉगमध्ये एवढीच नोंद, की आस्लाकचा तक्ता एकदा जागा झाला,
वाचन जपून ठेवलं, परत झोपला.
पापणी लवायच्या हजाराव्या हिश्श्यात सगळं.
टूरिड त्याला कळवणार होती.
कळवलं का, मी विचारलं नाही.

परवा पुन्हा जागा कमी पडली. पुन्हा यादी निघाली.
तिच्यात एक माझंही होतं,
इथल्या पहिल्या महिन्यात लिहिलेलं, तारीख नीट लावणारं,
नऊ ओळींचं, वर कौतुकानं लिहिलेली टीपसुद्धा.
शेवटची हाक कधीची ते शोधलं:
चार वर्षांपूर्वीची.
तोवर खिडकी निळी झाली होती.
मी "चालेल" असं लिहिलं आणि कॉफी घ्यायला उठलो.