धर्मकाटा

रात्री कर्नल नवा झाला आणि सकाळी
सिंदेवाहीच्या मिलमधला काटा आंधळा.
अकरा ट्रॅक्टर धान घेऊन उभे.
"काल तं चालू होता, मॅडम. आज काऊन बंद?"
शालिक नाकाडे विचारतो,
मी पडद्यावरची एकच ओळ वाचते:
फंक्शनला तीन गोष्टी दिल्या, त्याला आता दोनच हव्यात.

कोणी चुकलं नाही. तिसरी खरंच निकामी होती.
ज्यानं काढली, त्यानं आतल्या दोनशे जागा
स्वतः फिरून नीट केल्या.
आमचा ड्रायव्हर आत नव्हताच.

तलावाचंही असंच.
तुडुमाचं तोंड हलवलं की पाणकर
वहीतल्या प्रत्येक बांधीपर्यंत पाट वळवत जातो.
वहीत नाव नाही, तिला कोण विचारतं?

मग आवृत्ती तपासणारी अट घातली,
जुन्याला जुनी वाट, नव्याला नवी.
अशा सात झाल्या आता, ठिगळावर ठिगळ.
मूळ कापड कोणतं, ते
पहिल्यांदा लिहिणाऱ्या बोरकर सरांनाही ओळखू येणार नाही.

दुपारी काटा बोलला:
चाळीस क्विंटल, वीस किलो.

त्याच रात्री सगळं उसवलं.
अटी काढल्या, खाली नाव घातलं, निरंजना मडावी,
आणि आत घ्या म्हणून पाठवलं.
नवव्या दिवशी उत्तर:
तीन ठिकाणी मोकळी जागा चुकलीय.
आणि हा काटा वापरतं कोण?

एकच मिल, मी लिहिलं.
जरा थांबून त्याखाली:
पाचशे बांध्यांचं धान.