हळदीचा अंगठा

फ्लेक्स फुकटचा. चौकातल्या खांबावरनं
वाढदिवस सरून नऊ दिवस झाल्यावर उतरवलेला.
डिझाईन माझंच होतं. भावी नगरसेवकांचं
नाक जरा सरळ करून दिलं होतं, वेगळे पैसे न लावता.
आता ते पालथे पडलेत
आणि त्यांच्या पांढऱ्या पाठीवर
आम्हाला राज्य आखायचंय.

प्लायवूड भंगारातनं, चाळीस रुपये.
मुस्तकीम म्हणला, तीस घ्या, कोपरा कुजलाय.
भंगारवाला म्हणला, मग कोपरा फुकट घे.

चौकोन इंचा-इंचाचे.
अम्मीची शिलाईची टेप न विचारता आणलेली,
तिचा पहिला इंच झिजून आखूड झालेला.
हे प्रज्ञाशीलच्या ध्यानात आलं अकराव्या रेघेला,
तोवर पश्चिमेचे चौकोन बारके होऊन बसले होते.
राहू दे, मी म्हणलं, तिकडं डोंगर काढू.
डोंगरात माणूस हळूच चालतो.

नागनाथ मोंढ्यातनं थेट आला,
दिवसभर हळदीची पोती काट्यावर चढवून.
हात धू, आम्ही तिघंही ओरडलो.
धुतले की, म्हणला.
आणि धुतले होते खरंच, साबणाचा वास येत होता.
त्यानं फ्लेक्स ताणून धरला, मी खिळे मारले,
वरून जेवणाच्या टेबलावर घालतात तसलं
पारदर्शक प्लास्टिक, दीड मीटर,
चारी कडांना चिकटपट्टी, दाताने तोडून तोडून.

लाईट आली तेव्हा दिसलं.
मधोमध, जरा डावीकडं,
प्लास्टिकच्या खाली
पिवळा अंगठा. रेषा न् रेषा मोजून घ्यावी असा.

उचकटायचं म्हणलं तर पट्टी संपलेली,
आणि वसमतमध्ये रात्री दहाला कोण देतंय पट्टी.

तेव्हापासून मी मार्करनं काहीही काढते,
भुयार, नदी, बुरूज, जळालेलं गाव,
आणि खेळ संपला की एकट्या उरलेल्या मोज्याने पुसते.
सगळं जातं.
लाल शाई जरा हट्टी आहे, तिला सॅनिटायझर लागतं,
कोरोनातल्या दोन बाटल्या अजून आहेत.
अंगठा जात नाही. म्हणून त्याला दरवेळी कामाला लावावं लागतं.
कधी तो विहीर असतो. समुद्र काढला तर बेट.
एकदा झोपलेल्या राक्षसाचा डोळा होता
आणि मुस्तकीमचा चिंचोका बरोबर त्यावर जाऊन थांबला,
त्या रात्री आम्ही खालच्या दुकानदाराची झोपमोड केली.

प्रज्ञाशीलनं वहीत नियमच लिहिलाय:
पिवळ्यावर उभा राहील त्याला एक फासा जादा.

नागनाथचं बटण मात्र कधीच तिथं जात नाही.
सात फाशांचा फायदा सोडला त्यानं, मी मोजलेत.
वळसा घालतो, डोंगरातनं जातो, मार खातो, मरतोसुद्धा.
काहून रे, मी विचारलं एकदा.
तो शर्टाच्या बाहीनं बटण पुसत होता.

"दिवसभर तिथंच असतो की मी."

परवा ते भावी परत दुकानात आले.
जुनीच फाईल काढा म्हणले, नाक तेच राहू द्या.
आणि मागचा फ्लेक्स कुठं गेला हो?
वाऱ्यानं नेला, मी म्हणलं.
माडीवर कुणीतरी फासा टाकला, टप्पकन,
त्यांनी वर पाहिलं.
उंदीर, मी म्हणलं.
आणि त्यांचं नाक अजून थोडं सरळ केलं.