दिवाळे गावची यादी

पावणेतीनला फोन वाजला.
मच्छीमार सोसायटीचे सेक्रेटरी, नकुल तांडेल,
जेट्टीवरून; मागे कोणीतरी बर्फ फोडत होतं.
"मॅडम, नावां गेली सगली.
यादीन नुसती प्रश्नचिन्हां.
आथा डिझेल कोनाला देवाचा?"
भरती पाचला. बोटी तोवर थांबतील, पाणी थांबणार नाही.

मी महापेत, तिसऱ्या मजल्यावर, अंगावर शाल.
इथली थंडी सर्व्हरसाठी असते,
माणसांनी ती आपापली सोसायची.

आधी तर आत शिरताच येईना.
जागा नाही, म्हणाला, जोडण्या संपल्या.
कुणीतरी एक अहवाल उघडा टाकून घरी गेलेलं
आणि तो दीडशे वेळा तेच विचारत बसलेला.
एकेकाला उठवलं.
मग डिस्क: काठोकाठ.
तीन महिने सर्व्हर आपल्या रोजनिशीत
एकच वाक्य लिहीत होता, मिनिटाला चाळीसदा,
आणि वाचणारं कोणी नव्हतं.
ती फाइल पुसली नाही, दुसरीकडे हलवली.
आधी हलवायचं, मग विचारायचं, मग पुसायचं;
हे मी कसं शिकले ते राहू दे.

आता नावं.
पडद्यावर दिसतं ते खरं मानायचं नाही.
खाली उतरायचं, बाइटपर्यंत,
जिथे मराठीचं प्रत्येक अक्षर तीन पावलांचं असतं
आणि पहिलं पाऊल नेहमी ई-शून्य.
दोनशे बारा सभासद.
बहुतेकांच्या ओळीत ई-शून्य, ई-शून्य, ई-शून्य:
नावं शाबूत होती, पाहणाराच्या डोळ्याला फक्त लिपी कळत नव्हती.
जोडणीची एक सेटिंग. दोन मिनिटं.
"आली, मॅडम! आली!" बर्फ फोडणाराही ओरडला.

पण अडतीस ओळींत तीन-एफ, तीन-एफ, तीन-एफ.
तीन-एफ म्हणजे खरोखरचं प्रश्नचिन्ह.
शुक्रवारी सर्व्हर बदलला, त्यानंतर ज्यांचा फॉर्म
कोणी उघडून पुन्हा जतन केला, त्यांच्या खाली
आता काहीच लपलेलं नाही.

शुक्रवारचा बॅकअप काढला.
चालू कोठारावर नाही, शेजारी, वेगळ्या खोलीत उतरवला.
सदतीस जुळले. कुणाचा मोबाइल बदललेला,
कुणाचं इंजिन; नाव तेच.
अडतिसावी बोट कमळजा.
बॅकअप सांगतो: मालक धर्मा.
आजची ओळ सांगते: सात प्रश्नचिन्हं.
मी मोजलं पुन्हा. धर्मा पाचांत मावतो.

"तांडेल, कमळजा कोणाची?"
बर्फाचा आवाज थांबला.
"धर्मा गेला ना, मॅडम. गनपतीच्या आधी.
शनवारी बायकोच्या नावान केली."
एक बटण दाबलं असतं तर
धर्मा परत आला असता, सभासद क्रमांक एकशे सहा,
डिझेलचा कोटा चालू, कसलीही थकबाकी नाही.
सर्व्हरने एरर दिला नसता.

"तिचं नाव?"
"आमी हिरीबाय बोलतो. कागदावरचा तिलाच इचारा,
हतंच हाय, कॅन घेऊन रांगेन."
फोन हातातून हातात गेला. खाडीचा वारा.
मग एक आवाज, अजिबात न घाईचा:
"चांगुना."
बाणातला ण की नळातला न, मी विचारलं.
ती थोडी थांबली. "मी बोलली तसा."

आधारवर बाणातला असेलही.
नंतर कोणीतरी माझ्याकडे कागद मागेल,
तेव्हा देईन काय द्यायचं ते.
चार वाजून बावीस मिनिटांनी मी नळातला लिहिला,
जतन केला, आणि खाली उतरून पाहिलं:
सात अक्षरखुणा, एकवीस बाइट,
सगळ्यांचं पहिलं पाऊल ई-शून्य.

तक्रार बंद करताना कारण लिहावंच लागतं,
रिकामं सोडता येत नाही.
यादीतून मी "इतर" निवडलं.
फोन चालूच राहिला होता तिकडे,
एक इंजिन दोनदा खोकलं आणि लागलं.